बफीच्या गावात खलनायक कोण? या वादात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

एखाद्या जुन्या बफीवेड्याला विचारून बघा, "स्पाइक नायक की खलनायक?" तो उत्तर देणार नाही, उलट तुम्हालाच विचारेल, "कितव्या सीझनमधला?" नवख्या माणसाला वाटतं, हा उत्तर टाळतोय. खरं तर त्याने तुम्हाला या सगळ्या वादाची किल्लीच हातात दिलेली असते.

'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही अमेरिकन मालिका मार्च १९९७मध्ये सुरू झाली आणि मे २००३मध्ये संपली. सात सीझन, १४४ भाग. कॅलिफोर्नियातलं सनीडेल नावाचं काल्पनिक गाव, गावाच्या पोटात नरकाचं तोंड, आणि नेमकं त्याच तोंडावर बांधलेलं हायस्कूल. तिथे शिकणाऱ्या बफी नावाच्या मुलीला रात्री कब्रस्तानात जाऊन व्हॅम्पायर मारायचे असतात आणि सकाळी वर्गात जागं राहायचं असतं. मालिका संपून वीस वर्षं उलटली, तरी तिच्यावरची भांडणं मिटलेली नाहीत. विद्यापीठांतली मंडळीही त्यात उतरली. २००१पासून 'स्लेएज' नावाचं संशोधन-नियतकालिक फक्त या मालिकेच्या अभ्यासासाठी निघू लागलं.

मी स्वतः या वादात चुकीच्या दाराने शिरलो. हॉस्टेलवर एका मित्राच्या हार्ड डिस्कमध्ये पाचवा सीझन होता, बाकीचे नव्हते. तो बघून मी स्पाइक या व्हॅम्पायरच्या प्रेमात पडलो आणि दिसेल त्याला पटवत सुटलो की हाच खरा नायक. सहा महिन्यांनी दुसरा सीझन मिळाला. त्यात हाच प्राणी पालकसभेच्या रात्री शाळेत घुसून माणसं मारतो. तोंडावर पडलो. तसं तुमचं होऊ नये म्हणून हा लेख.

एक सूचना आधीच देतो. तिसऱ्या पायरीपासून पुढे सातही सीझनची गुपितं उघडी होतात. मालिका पाहिली नसेल तर पहिल्या दोन पायऱ्या वाचा, मालिका पाहा आणि मग इथे परत या. लेख कुठे पळून जात नाही.

पायरी १: क्रमाने बघा

याच नावाचा १९९२चा चित्रपट सोडून दिलात तरी चालेल. मालिकेचा पहिला सीझन फक्त बारा भागांचा आहे. रबरी मुखवटे, स्वस्तातले राक्षस, जुनाट संगणकातून निघणारं भूत, असं सगळं त्यात आहे. अनेकजण इथेच कंटाळून सोडतात. सोडू नका, पण त्यावर मतही बनवू नका. पुढचे सहाही सीझन बावीस-बावीस भागांचे आहेत आणि खरी मालिका दुसऱ्या सीझनच्या मध्यावर, 'सरप्राइज' आणि 'इनोसन्स' या जोडभागांत सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

चौथ्या सीझनपासून 'एंजल' ही जोडमालिका (पाच सीझन, ११० भाग) सोबत बघायला घ्या. हा सल्ला अनेकांना जास्तीचा गृहपाठ वाटतो. पण फेथ नावाच्या पात्रावर तोंड उघडायचं असेल तर त्याला पर्याय नाही. तिचा पश्चात्ताप बफीच्या मालिकेत घडतच नाही. तो 'एंजल'च्या पहिल्या सीझनमधल्या 'फाइव्ह बाय फाइव्ह' आणि 'सँक्च्युअरी' या दोन भागांत घडतो. ते न बघता बफीच्या सातव्या सीझनमध्ये ती परतलेली पाहिलीत, तर "ही अचानक चांगली कशी झाली?" असा प्रश्न विचारून हसू करून घ्याल.

आणखी एक बारीकशी गोष्ट. शक्य असेल तर जुन्या चौकोनी चौकटीतली आवृत्ती बघा. पुढे चौकट रुंद करून जी आवृत्ती निघाली, तिच्यात काही ठिकाणी कोपऱ्यात तंत्रज्ञ उभे दिसतात, आणि रात्रीचा अंधार दाखवणारे रंगसंस्कार राहून गेल्याने काही दृश्यं चक्क दिवसाढवळ्या घडल्यासारखी वाटतात. व्हॅम्पायर लख्ख उजेडात फिरताना दिसला तर तो कथेतला भोंगळपणा समजू नका. त्यावरून वाद घातलेले लोक मी पाहिलेत.

पायरी २: या जगाचे नियम आणि 'आत्मा' या शब्दाचा घोळ

बाकीचे नियम तुम्हाला ओळखीचे वाटतील. लाकडी खुंटी हृदयात घुसली की व्हॅम्पायरची राख होते. ऊन, आग, क्रूस आणि पवित्र पाणी त्याला भाजतं. घरात राहणाऱ्याने बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. स्लेयर म्हणजे व्हॅम्पायर मारायला निवडली गेलेली मुलगी; ती एका वेळी एकच असते, ती मेली की दुसरी जागी होते. ही मुलगी लढते आणि तिच्यावर वॉचर नावाचा गुरू नेमलेला असतो. वॉचर मंडळींची लंडनमध्ये एक जुनी, शिष्ट परिषद आहे.

खरी अडचण येते ती 'सोल' या शब्दापाशी. मालिका सांगते की माणूस व्हॅम्पायर झाला की त्याचा सोल निघून जातो. देहात राक्षस येऊन राहतो, आणि जुन्या माणसाच्या आठवणी, लकबी, बोलणं हे सगळं तो वापरतो. मराठीत बोलताना आपण याला 'आत्मा' म्हणतो आणि तिथेच फसतो. कारण आपल्याकडचं भूत म्हणजे आत्माच. मुंजा पिंपळावर बसतो, कारण सोडमुंज व्हायच्या आतच पोरगा गेला. समंधाची वासना घरादारात अडकलेली असते. देह नाही, आत्मा आहे, आणि त्याचं काहीतरी राहून गेलंय, ही आपली रीत. सनीडेलमध्ये नेमकं उलटं आहे. देह आहे, आठवणी आहेत, इच्छा तर दणकून आहेत, नाही तो आत्मा. माझ्या आजीला मी ही कथा सांगायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला मोक्ष कुणाला द्यायचा?" प्रश्न रास्त होता.

म्हणून वाद घालताना मी 'सोल'साठी मनातल्या मनात 'सद्सद्विवेक' हा शब्द ठेवतो. केलेल्या गोष्टीची टोचणी लागण्याची क्षमता, असं समजा. हे पक्कं केलंत की एंजल समजतो. तो १८व्या शतकातला आयरिश माणूस. व्हॅम्पायर झाल्यावर दीडशे वर्षं त्याने अँजेलस या नावाने युरोपभर उच्छाद मांडला. १८९८मध्ये त्याने एका रोमानी टोळीतली मुलगी मारली आणि टोळीने सूड म्हणून त्याला मारलं नाही, त्याचा सोल परत दिला. आता आयुष्यभर आठवत बस. शिवाय त्यात एक अट: क्षणभर जरी निखळ सुख लाभलं, तर सोल पुन्हा जाणार.

पायरी ३: खलनायकांची जात ओळखा

या मालिकेच्या चाहत्यांमुळे 'बिग बॅड' हा शब्द रुळला. अख्ख्या सीझनभर सावली टाकून बसलेला मुख्य खलनायक म्हणजे बिग बॅड. नवखा माणूस यादी करतो: मास्टर, अँजेलस, मेयर, अॅडम, ग्लोरी, त्रिकूट, फर्स्ट. मग कोणाची ताकद जास्त यावर भांडतो. हे क्रिकेटमध्ये कोणाच्या षटकारांची लांबी जास्त यावर भांडण्यासारखं आहे. मजा येते, पण हाताशी काही लागत नाही. त्यापेक्षा प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारा: हा बफीच्या आयुष्यातल्या कुठल्या भीतीला चेहरा देतो?

मास्टर झटपट उरकू. १९३७च्या भूकंपात जमिनीखाली अडकलेला म्हातारा व्हॅम्पायर, जुन्या भयपटांच्या परंपरेतला. तो महत्त्वाचा आहे तो एका भाकितामुळे. 'त्याच्या हातून तू मरशील' हे सोळा वर्षांच्या मुलीला कळतं आणि ती रडून म्हणते, मला मरायचं नाहीये. नायिका म्हणजे काय याची पहिली व्याख्या त्या रडण्यात आहे, कारण त्यानंतरही ती त्याच्याशी लढायला जाते.

अँजेलसवर मात्र रेंगाळा. 'सरप्राइज'च्या शेवटी बफी पहिल्यांदा एंजलजवळ जाते, त्याला सुखाचा तो क्षण लाभतो आणि जागा होतो तो दुसराच कोणीतरी. 'इनोसन्स'मध्ये ती त्याला शोधत येते तेव्हा तो तिला ज्या थंड, टवाळ स्वरात बोलतो, तो कुठल्याही राक्षसापेक्षा भयानक आहे, कारण तो राक्षसाचा स्वर वाटतच नाही. रात्र सरल्यावर बदललेल्या कितीतरी साध्या मुलांचा तो स्वर आहे. मग 'पॅशन'. तिथे तो शाळेतली शिक्षिका जेनी कॅलेंडर हिची मान मोडतो. लक्षात घ्या, तो तिचं रक्त पीत नाही. भूक हे कारणच नाही. नंतर तिचा देह बफीचा वॉचर जाइल्स याच्या पलंगावर गुलाबांच्या पाकळ्यांत मांडून ठेवतो, जिन्यावर मेणबत्त्या, खाली वाइन, ऑपेराचं संगीत. प्रियकर घरी येऊन हरखून जावा म्हणून. 'मालिकेतला सर्वांत क्रूर खलनायक कोण?' या वादात माझं मत कायम अँजेलसला जातं, आणि पुरावा म्हणून मी हा जिना पुढे करतो.

मेयर रिचर्ड विल्किन्स हा मात्र चाहत्यांचा लाडका. शंभर वर्षांपूर्वी यानेच राक्षसांना चरायला म्हणून हे गाव वसवलं आणि आता पदवीदान समारंभात महाकाय सर्प होऊन तो विद्यार्थी गिळणार आहे. पण वागणं कसं? जंतूंची भीती, हात सतत पुसायचे, दूध प्या, शिव्या देऊ नका, मिनी गोल्फ खेळा. आपल्या सोसायटीचा चेअरमन असावा तसा. आणि फेथवर त्याची माया खरी आहे. तिला तो राहायला घर देतो, सुरा भेट देतो, तिच्या जेवणाची काळजी करतो. ती बेशुद्ध पडल्यावर तो मनापासून कोसळतो, आणि तोच धागा पकडून, तोच सुरा दाखवून बफी त्याला चिडवते आणि सापळ्यात ओढते. इथे थांबून विचार करा: खलनायक हरला तो त्याच्या दुष्टपणामुळे नाही, प्रेमामुळे. आणि नायिकेने हत्यार केलं ते त्या प्रेमाचंच. हा मुद्दा एकदा बोलून दाखवलात की जुने लोक तुम्हाला चहा पाजतील.

अॅडम हा चौथ्या सीझनमधला, सरकारी प्रयोगशाळेत जोडून तयार केलेला. त्याच्याबद्दल तासभर बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्या सीझनमधले खरे खलनायक एका भागापुरते येतात: 'हश'मधले जंटलमन. गावाचा आवाज चोरतात, हसत-हसत तरंगत येतात आणि हृदयं काढून नेतात. त्यांना बालपण नाही, दुखावलेलं मन नाही. प्रत्येक खलनायकामागे 'त्याचीही एक बाजू' शोधणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघावं. काही भीतींना बाजू नसते.

ग्लोरी ही पाचव्या सीझनमधली हाकलून दिलेली देवता, नटवी, चिडखोर, विनोदी. पण त्या सीझनमध्ये सर्वांत मोठा घाव ती घालत नाही. 'द बॉडी' या भागात बफीची आई मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजाराने सोफ्यावर मरून पडलेली सापडते. अख्ख्या भागात पार्श्वसंगीत नाही. इथे मारायला कोणी खलनायकच नाही आणि स्लेयरची सगळी ताकद कुचकामी आहे. खलनायकांच्या यादीत मी हा भाग मुद्दाम धरतो.

मग सहावा सीझन. वॉरेन, जोनाथन, अँड्र्यू. तीन पोरं, तळघर, खेळण्यांचा पसारा, 'आपण सुपरव्हिलन होऊ' असा बाष्कळ बेत. पहिल्यांदा बघताना सगळे म्हणतात, हे कसले बिग बॅड? मग 'डेड थिंग्ज' येतो. वॉरेन आपल्या जुन्या मैत्रिणीची शुद्ध हरपवून तिला ताब्यात ठेवू बघतो, ती भानावर येऊन त्याला तोंडावर खरा शब्द सुनावते आणि तिचा जीव जातो. या माणसात राक्षस नाही. त्याचा सोल अगदी जागच्या जागी आहे. 'सोल असला की चांगला' हे दुसऱ्या पायरीवर शिकलेलं सूत्र वॉरेनपाशी येऊन फुटतं, आणि ते फुटावं म्हणूनच तो आहे. शेवटी तो बंदूक घेऊन येतो. सहा वर्षं जादू, तलवारी, खुंट्या पाहिलेल्या प्रेक्षकाला ती साधी बंदूक जेवढी हादरवते, तेवढं काहीच हादरवत नाही.

पायरी ४: नायकांचे हिशेब तपासा

खलनायकांवर बोलणं सोपं. या मालिकेतली जुनी भांडणं चांगल्या माणसांवरून आहेत. चार प्रकरणं पाठ असू द्या.

झँडरचं खोटं. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात बफीची मैत्रीण विलो इस्पितळातून निरोप पाठवते की मी एंजलचा सोल परत आणायचा प्रयत्न करतेय, बफीला सांग, वेळ काढ. दोघींचा मित्र झँडर बफीला गाठतो आणि निरोप बदलतो. विलो म्हणाली, धुलाई कर त्याची. परिणाम असा की सोल परत येतो तेव्हा फार उशीर झालेला असतो आणि जग वाचवायला बफीला एंजललाच, शुद्धीवर आलेल्या एंजलला, तलवारीने नरकात ढकलावं लागतं. झँडरने हे मत्सरातून केलं की बफीचा हात कचरू नये म्हणून? दोन्ही बाजूंनी भरपूर पुरावा आहे.

जाइल्स आणि बेन. ग्लोरीला बफी हरवते, तेव्हा ती बेन नावाच्या तरुण डॉक्टराच्या देहात परतते. बेन माणूस आहे, म्हणून बफी त्याला सोडून देते. जाइल्स शांतपणे खाली बसतो, बफी नायिका आहे, ती असं करणार नाही, हे त्याला सांगतो आणि त्याचं नाक-तोंड दाबून धरतो.

विलो. वॉरेनच्या गोळीने प्रेयसी टारा मेल्यावर ती वॉरेनची कातडी सोलते, हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच्या कितीतरी आधी, एका भांडणाची आठवण पुसावी म्हणून तिने टाराच्याच मनावर जादू केली होती, हे लोक विसरतात. वॉरेनने मैत्रिणीबरोबर जे केलं आणि विलोने टाराबरोबर जे केलं, यात किती अंतर आहे? हा प्रश्न मी जेव्हा जेव्हा विचारलाय, तेव्हा तेव्हा बैठक तापलीये. माझ्या मते अंतर आहे, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी.

आणि फेथ, बफी एकदा क्षणभर मेली होती म्हणून तिच्या हयातीतच आलेली दुसरी स्लेयर. अंधाऱ्या गल्लीत व्हॅम्पायरांशी लढताना एक माणूस मध्ये येतो, बफी त्याला हिसडते, फेथची खुंटी त्याच्या छातीत जाते. तो उपमहापौर निघतो. हात दोघींचे, खुंटी एकीची. पुढे एंजल फेथला जरा बोलती करतो न करतो, तोच वॉचर परिषदेची माणसं तिला बेड्या घालायला येऊन टपकतात. ती मेयरकडे जाते. एका मुलीला घर, आई, मैत्रिणी, जाइल्स मिळाले आणि दुसरीला मोटेलची खोली. फेथला निर्दोष ठरवायची गरज नाही, तिने पुढे सरळसरळ खून केलेत. पण तिचा हिशेब मांडताना मोटेलची खोली वजाबाकीत धरा.

पायरी ५: स्पाइकवर बोलण्याआधी

एव्हाना तुम्ही तयार असाल. स्पाइक म्हणजे व्हिक्टोरियन लंडनमधला फसलेला कवी विल्यम, १८८०मध्ये ड्रुसिलाने चावलेला. दोन स्लेयर मारल्या: १९००मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंडाच्या धामधुमीत, आणि १९७७मध्ये न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत निक्की वुड. चौथ्या सीझनमध्ये त्याच्या डोक्यात चिप बसवली जाते आणि माणसावर हात उगारला की मस्तक फुटायला लागतं. पुढे तो बफीच्या प्रेमात पडतो.

बाजूने बोलणारे म्हणतात: चिप नसतानाही, दुसऱ्या सीझनच्या शेवटी, सोल नसलेल्या याच स्पाइकने जग वाचवायला बफीशी हातमिळवणी केली, कारण त्याला हे जग आवडतं, कुत्र्यांच्या शर्यती आणि मँचेस्टर युनायटेडसकट. पाचव्या सीझनमध्ये ग्लोरीने हाल-हाल केले तरी बफीची बहीण डॉन हिचं नाव त्याने सांगितलं नाही. आणि एंजलला सोल शिक्षा म्हणून मिळाला, स्पाइक आफ्रिकेत जाऊन परीक्षा देऊन तो स्वतः घेऊन आला.

विरोधात बोलणारे एकच भाग पुढे ठेवतात: सहाव्या सीझनमधला 'सीइंग रेड'. न्हाणीघरात स्पाइक बफीवर बलात्काराचा प्रयत्न करतो. नवख्यांना माझा कळकळीचा सल्ला: या दृश्याला गोल-गोल शब्द वापरू नका. 'तो प्रसंग', 'ती चूक' असं म्हणू नका. त्याला नावाने हाक मारा आणि मग काय मांडायचं ते मांडा. पुढच्या सीझनमधलं त्याचं प्रायश्चित्त तुम्हाला पटत असेल तर तसं म्हणा, पण ज्याला ते कधीच पटलं नाही त्याच्यामागे लागू नका. चर्चेत बसलेल्या कोणाला ते दृश्य बघताना काय आठवत असेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आणि निक्की वुडचा मुलगा रॉबिन विसरू नका. चार वर्षांच्या पोराची आई स्पाइकने मारली, तिचा कोट अंगात घालून तो पंचवीसेक वर्षं मिरवला. सातव्या सीझनमध्ये रॉबिन त्याला मारायला उभा राहतो, जाइल्स त्याला साथ देतो, आणि मालिका आपल्याला स्पाइकच्या बाजूला उभं करते. मला तिथे उभं राहताना दर वेळी अवघडायला होतं.

पायरी ६: मुद्दा कसा मांडायचा

कृती अशी. भागाचं नाव घ्या. पात्राने काय केलं ते एका वाक्यात सांगा. आणि त्या क्षणी त्या पात्राला काय माहीत होतं, ते वेगळं काढा. ही तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त विसरली जाते.

कच्चा मुद्दा असा असतो: "जाइल्सने बेनला मारलं ते बरोबरच, बेन नालायक होता."

पिकलेला मुद्दा असा: "'द गिफ्ट'मध्ये जाइल्सला एवढं माहीत आहे की बेन जिवंत असेल तर ग्लोरी परतू शकते. बेनने शेवटी स्वतःच्या जिवासाठी डॉनला दगा दिला हेही खरं. पण बेन जखमी आहे, निःशस्त्र आहे आणि माणूस आहे. जाइल्स त्याला शिक्षा देत नाहीये, बफीला पुढे पुन्हा हा निर्णय घ्यावा लागू नये म्हणून पाप स्वतःच्या डोक्यावर घेतोय. आणि हाच माणूस तिसऱ्या सीझनच्या 'हेल्पलेस'मध्ये परिषदेच्या हुकमावरून बफीला गुपचूप औषध टोचून दुबळी करत होता. तिच्यासाठी, तिला न विचारता निर्णय घेणं ही त्याची जुनी खोड आहे."

यावर समोरचा चिडेल, पण तो आता बेनवर नाही, जाइल्सवर बोलेल. वाद पुढे सरकला.

पडद्यामागचं कारण आणि कथेतलं कारण वेगळं ठेवायलाही शिका. एप्रिल १९९९मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, म्हणून तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग मेऐवजी जुलैत दाखवला गेला आणि 'इअरशॉट' थेट सप्टेंबरमध्ये. सहाव्या सीझनपासून मालिका डब्ल्यूबी वाहिनी सोडून यूपीएनवर गेली. २०२१मध्ये कॉर्डेलियाची भूमिका करणाऱ्या करिश्मा कार्पेंटरने मालिकेचे निर्माते जॉस व्हेडन यांच्या सेटवरच्या वागणुकीबद्दल जाहीर आरोप केले, आणि त्यानंतर अनेक चाहत्यांना जुने भाग बघणंच जड गेलं. हे सगळं बोलण्यासारखंच आहे. फक्त 'झँडर असा का वागला?' याचं उत्तर 'लेखक तसा होता म्हणून' असं देऊन चर्चा मिटवू नका. ते कदाचित खरंही असेल, पण झँडरचा हिशेब त्याने चुकता होत नाही.

पायरी ७: दुसऱ्याची मालिका नासवू नका

माझ्या एका मावसबहिणीने, मी हॉस्टेलवरच्या त्या पाचव्या सीझनच्या सुरुवातीलाच असताना, जेवणाच्या ताटावर सहज विचारलं, "ती आई मरते तो भाग आला का?" त्या दिवशी आमटी गोड लागली नाही. नवखा माणूस समोर असेल तर तो कुठे पोचलाय ते आधी विचारा. आणि "थांब, अजून सहा भाग बघ, मग तुला कळेल" असं गूढ हसून म्हणणं हेही गुपित फोडणंच आहे. समोरच्याला आता सहावा भाग मोजत बसावं लागतं.

पायरी ८: वही

सुरुवात करायची असेल तर एक साधी वही घ्या. दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग संपला की तिसरा लगेच लावू नका. एका पानावर लिहा: झँडर खोटं का बोलला, आणि बफीला खरं कळलं असतं तर तिने काय केलं असतं. तारीख घाला, वही मिटवा.

मालिकेत हे प्रकरण त्यानंतर जवळजवळ गडप होतं. कोणी विचारत नाही, झँडर सांगत नाही. मे १९९८नंतर थेट ऑक्टोबर २००२मध्ये, सातव्या सीझनच्या पाचव्या भागात, 'सेल्फलेस'मध्ये, बफी झँडरच्या जुन्या प्रेयसीला, पुन्हा राक्षस झालेल्या अन्याला, मारायला निघते. झँडर तिला अडवतो आणि बफी त्याला सुनावते की एंजलच्या वेळी तर तू आणि विलोने मला धुलाई करायला सांगितलं होतं. विलो चमकून म्हणते, मी असं कधीच म्हटलं नव्हतं. आणि कोणी तिकडे लक्ष द्यायच्या आत भांडण पुढे जातं.

तिथे भाग थांबवा आणि वहीतलं ते पान काढा.